वाचकांचे प्रश्न : नदीखोऱ्यातल्या कच्च्या वाटा आणि सायकल

गेल्या अंकात कऱ्हा आणि नीरा या दोन नद्यांच्या खोऱ्यांतील मुरमाच्या रस्त्यांवर सायकल चालवण्याविषयी लिहिले होते. त्यावर आलेल्या पत्रांपैकी काहींना येथे उत्तरे देत आहोत. एकाच आशयाची पत्रे एकत्र केली आहेत.

प्रश्न : डांबरी रस्त्यांवरची वर्दळ नकोशी झाल्यामुळे आम्ही कऱ्हेच्या काठाकाठाने जेजुरीहून मोरगावला जायचे ठरवले. मोबाइलमधल्या नकाशाने दाखवलेली वाट आधी उसात शिरली आणि नाहीशी झाली. दुसरी एका विहिरीपाशी संपली. शेवटी डांबरी रस्ताच गाठावा लागला. नदीच्या खोऱ्यातून जाणारा कच्चा मार्ग आखायचा तरी कसा? — एक वाचक, पुणे

उत्तर : काठाकाठाने जायचे ठरवलेत, तिथेच अडचण सुरू झाली. आपल्याकडच्या पठारी नद्यांना काठाने जाणारी सलग वाट बहुधा नसतेच. गावठाणातून नदीकडे उतरणारा रस्ता हा पाणी उपसणाऱ्या मोटारींपर्यंत आणि मळ्यांपर्यंत जाण्यासाठी झालेला असतो. मोटारीची खोली आली की त्याचे काम संपते. शेजारच्या गावाचा तसाच रस्ता कदाचित अर्ध्या किलोमीटरवर असेल, पण दोघांच्या मध्ये ऊस असतो, बांध असतात आणि बहुतेक वेळा एखादा ओढा असतो. हे ओढे नदीला मिळण्याआधीच्या शेवटच्या टप्प्यात सर्वांत खोल कापलेले असतात, त्यामुळे काठाने जाणाऱ्याला प्रत्येक ओढ्यात उतरावे आणि पुन्हा सायकल खांद्यावर घेऊन चढावे लागते. तोच ओढा दोन किलोमीटर वर गेल्यावर इतका उथळ होतो की सायकलवरून न उतरताही ओलांडता येतो.

जमिनीचाही विचार करावा लागतो. हा सगळा मुलूख काळ्या पाषाणाचा. तो झिजून, फुटून त्याचा मुरूम होतो आणि त्याहून बारीक झालेली माती हजारो वर्षे पावसाबरोबर खाली वाहत जाते. त्यामुळे खोऱ्याचा आडवा छेद घेतला तर माथ्यावर बरड मुरमाड माळ, मधल्या उतारावर मध्यम जमीन आणि नदीलगत भारी काळी माती असा क्रम जवळजवळ सर्वत्र सापडतो. सायकलला हवा मुरूम. शेतकऱ्याला हवी काळी माती. म्हणजे जिथे शेत उत्तम, तिथे वाट वाईट, आणि जिथे कुसळाशिवाय काही उगवत नाही, तिथे चाक झकास पळते. मार्ग आखताना नदी अधूनमधून दिसत राहील इतके जवळ राहावे, पण काळ्या मातीत उतरू नये. कऱ्हेच्या खोऱ्यात हे अंतर साधारण एक ते तीन किलोमीटर पडते.

घरबसल्या मार्ग शोधायचा असेल तर उपग्रहाचे छायाचित्र उन्हाळ्यातले निवडावे. फिकट, तांबूस किंवा राखाडी जमिनीवरून जाणारी आणि दोन्ही टोकांना कुठल्या तरी वस्तीला मिळणारी रेघ दिसली, तर ती बहुतेक मुरमाची गाडीवाट असते. गडद हिरव्या तुकड्यांच्या मधोमध शिरणाऱ्या रेघेवर, ती कितीही सरळ दिसली तरी, विश्वास ठेवू नये. याखेरीज महसूल विभागाचे गावनकाशे संकेतस्थळावर पाहता येतात. त्यांत गाडीमार्ग आणि पायमार्ग तुटक रेषांनी दाखवलेले असतात. हे नकाशे जुन्या मोजणीवर आधारलेले असल्यामुळे त्यातली एखादी वाट आज नांगरली गेलेली असू शकते. पण जी शिल्लक असते ती हमखास सार्वजनिक असते, आणि हा फरक किती मोलाचा आहे ते पुढे एका शेतकरी वाचकाच्या पत्रात दिसेलच.

नदी ओलांडायच्या जागा आधी निश्चित कराव्यात आणि मग मार्ग त्यांना जोडावा. मोठे पूल मुख्य रस्त्यांवरच असतात. आपल्या उपयोगाचे म्हणजे फरशी पूल आणि कोल्हापूर पद्धतीचे बंधारे. या बंधाऱ्यांच्या माथ्यावरून माणूस, सायकल आणि पुष्कळ ठिकाणी मोटारसायकलही जाते. पावसाळा सरल्यावर दारांत बर्गे, म्हणजे आडव्या फळ्या, घालून पाणी अडवतात आणि पुढच्या पावसाळ्याआधी ते काढतात. माथा अरुंद असतो आणि बहुतेक ठिकाणी कठडा नसतो, म्हणून तिथे सायकल हातात धरूनच जावे. पुरात नदी बंधाऱ्यावरून वाहते. पाणी घोट्याएवढे दिसले तरी उतरू नये, कारण फरशीवर शेवाळ असते आणि प्रवाहाची ओढ कडेलाच सर्वांत जास्त असते.

आपल्याच मार्गाचे बोलायचे तर जेजुरी ते मोरगाव हे अंतर डांबरी रस्त्याने सुमारे १७ किलोमीटर आहे. नाझरे धरण, पांडेश्वर आणि मोरगाव ही ठिकाणे कऱ्हेलगत आहेत. त्यांना खुणेचे दगड मानून, मधल्या टप्प्यांत माळाच्या बाजूने वळसे घेत गेलात तर अंतर पंचविसाच्या घरात जाईल. पांडेश्वरचे जुने मंदिर पाहण्यासारखे आहे. शक्ती उरली तर मोरगावहून लोणी भापकरला जावे. तिथल्या मल्लिकार्जुन मंदिराजवळची पुष्करणी दुपारच्या विसाव्याला फार चांगली.

प्रश्न : आमच्या भागातून नीरा उजवा कालवा जातो. त्याच्या कडेचा रस्ता सपाट आणि सावलीचा आहे. माझे वय ६१ आहे, चढ झेपत नाहीत. या रस्त्यावरून सायकल चालवण्यास हरकत आहे का? — एक वाचक, फलटण

उत्तर : वीर धरणापासून निघणारे नीरेचे दोन्ही कालवे, डावा बारामती-इंदापूरकडे जाणारा आणि उजवा फलटण-माळशिरसकडे जाणारा, हे आपल्या वयाच्या सायकलस्वारासाठी उत्तम मार्ग आहेत, यात शंका नाही. कालव्याला किलोमीटरला जेमतेम वीतभर उतार दिलेला असतो आणि पाणी त्याच उंचीवरून पुढे नेण्यासाठी तो टेकडीच्या कडेकडेने वळत जातो. माळ आणि मळा यांच्या मधल्या ज्या पट्ट्याची शिफारस वर केली, बहुतेक त्याच पट्ट्यातून कालवा जातो. वरच्या हाताला कुसळी माळ, खालच्या हाताला ऊस आणि केळी, आणि मधून आपण.

मात्र तो रस्ता जलसंपदा विभागाच्या देखभालीसाठी आहे, सार्वजनिक वाहतुकीसाठी नाही. जिथे फाटक लावलेले आहे किंवा प्रवेश बंद असल्याची पाटी आहे, तिथे आत जाऊ नये. जिथे गावकऱ्यांची रोजची ये-जा चालते, तिथेही पाटकऱ्याला किंवा कालवा निरीक्षकाला एकदा भेटून विचारावे. माणसे सहसा अडवत नाहीत, उलट पुढे कुठे भराव खचला आहे तेही सांगतात. कालवा ओढा ओलांडतो तिथे जलसेतू किंवा मोरी असते आणि कडेचा रस्ता पुष्कळदा तिथेच तुटतो. खाली उतरून पलीकडे चढावे लागते. जलसेतूच्या कठड्यावरून सायकल नेण्याचा मोह मात्र अजिबात करू नये.

काँक्रीटचे अस्तरीकरण झालेल्या टप्प्यांबद्दल विशेष सांगायचे आहे. मातीच्या कालव्यात पडलेल्या माणसाला गवत, मुळ्या, काठाचा उंचवटा असे काहीतरी हाताला लागते. काँक्रीटच्या गुळगुळीत, शेवाळलेल्या उतारावर बोटे रुतवायलाही जागा नसते. पट्टीचा पोहणारासुद्धा तिथे बाहेर न येता पुढे वाहत जातो. आवर्तन सुरू असताना, म्हणजे कालवा भरून वाहत असताना, पाण्यापासून दूरच्या चाकोरीने जावे, दोघांनी शेजारी शेजारी चालवू नये आणि तोंड धुण्यासाठी पाण्याकडे उतरू नये. आवर्तनाच्या तारखा गावात सर्वांना ठाऊक असतात.

सावलीविषयी जाता जाता एक गोष्ट. कालव्याच्या पाझरावर कडेच्या विहिरी भरतात आणि झाडेही वाढतात. अस्तरीकरणाने पाण्याची गळती थांबते हे खरे, पण पाझर थांबला की विहिरी आटतील म्हणून खालचे शेतकरी काही ठिकाणी त्याला विरोध करतात. सायकलस्वाराचे मत कुणी विचारत नाही हे बरेच आहे, कारण त्याला सावलीही हवी असते आणि भरावही पक्का हवा असतो.

प्रश्न : मी सायकल चालवत नाही, शेती करतो. रविवार उजाडला की रंगीत कपडे घातलेली मंडळी माझ्या बांधावरून जातात. एकदा फाटक उघडे राहिले आणि दोन म्हशी शेजाऱ्याच्या मक्यात शिरल्या. भांडण मला निस्तरावे लागले. ठिबकच्या नळ्या चेंगरल्या ते वेगळेच. विचारले तर 'नकाशात रस्ता आहे' असे सांगतात. हा रस्ता त्यांचा आहे काय? — एक शेतकरी, पुरंदर तालुका

उत्तर : आपला बांध हा त्यांचा रस्ता नाही. मोबाइलमधल्या नकाशात एखादी रेघ दिसणे म्हणजे तिथून जाण्याचा हक्क मिळणे नव्हे. तो नकाशा पुष्कळदा आधी कुणीतरी तिथून गेल्याच्या खुणेवरूनच तयार झालेला असतो. पहिला चुकला म्हणून पुढचे शंभर जण चुकतात.

गावनकाशात दाखवलेला ग्रामीण रस्ता, गाडीमार्ग, पायमार्ग किंवा पाणंद रस्ता सर्वांच्या वहिवाटीचा असतो. त्यावरून सायकल नेण्यास कोणाची हरकत असू शकत नाही आणि तो नांगरून बंद करणेही योग्य नाही. बांधावरून शेतात जाण्याचा रस्ता वेगळा. महाराष्ट्र जमीन महसूल अधिनियम, १९६६ च्या कलम १४३ नुसार तहसीलदार एखाद्या शेतकऱ्याला दुसऱ्याच्या हद्दीवरून रस्ता देऊ शकतात, पण तो त्या शेतकऱ्याला स्वतःच्या जमिनीपर्यंत पोहोचता यावे म्हणून दिलेला असतो. मामलेदार न्यायालय अधिनियम, १९०६ च्या कलम ५ नुसार वहिवाटीतला अडथळा दूर करून मागता येतो, तोही शेतीच्या गरजेपोटी. रविवारी व्यायामाला निघालेल्या माणसाला यांपैकी कोणतेही कलम आपल्या बांधावर हक्क देत नाही. त्याला फक्त आपली परवानगी चालते, आणि ती नाकारण्याचा आपल्याला पूर्ण अधिकार आहे.

सायकल चालवणाऱ्या वाचकांनी हे पत्र दोनदा वाचावे. फाटक जसे सापडले तसेच ठेवावे: बंद असेल तर आपण गेल्यावर बंद करावे, उघडे असेल तर उघडेच राहू द्यावे, कारण मालकाने ते कशासाठी तरी उघडे ठेवलेले असते. बाभळीच्या शिऱ्या ओढून बंद केलेली वाट ही बंदच समजावी. ठिबकची नळी किंवा मोटारीची केबल आडवी आली तर सायकल उचलून पलीकडे ठेवावी. टायरखाली चिरडलेली नळी लगेच फुटली नाही तरी पुढच्या पाण्याच्या पाळीला तिथेच गळते. खळ्यावर किंवा रस्त्यावर वाळत घातलेल्या धान्याला वळसा घालावा. आणि समोर माणूस दिसला तर चाक थांबवून, काळा चश्मा काढून बोलावे. 'दादा, हा रस्ता पुढे निघतो का?' एवढे विचारले तरी निम्मी भांडणे होणार नाहीत. गटाने जायचे असेल तर सहा-सात जणांपेक्षा मोठा गट कच्च्या वाटेवर नेऊच नये, असे आमचे स्पष्ट मत आहे.

प्रश्न : पावसाळ्यात सगळे हिरवेगार असते तेव्हाच सायकल काढावीशी वाटते. पण गेल्या वर्षी चाके फिरेनाशी झाली आणि मागचा गिअर तुटला. उपाय काय? — एक वाचक, इंदापूर

उत्तर : उपाय म्हणजे काळ्या मातीत न जाणे, दुसरा नाही. काळी माती ओली झाली की टायरला चिकटते, त्यावर वाटेतले उसाचे पाचट आणि खडे बसतात, पुन्हा माती चिकटते, आणि दहा-वीस फेऱ्यांत टायर व चौकट यांच्यातली सगळी पोकळी भरून चाक जागच्या जागी थांबते. रुंद टायर घातल्याने ही पोकळी उलट कमी होते. चाक अडखळू लागताच पेडल मारणे थांबवावे. त्या क्षणी जोर लावला की साखळीत आलेले पाचट मागच्या डिरेलरला, म्हणजे गिअर बदलणाऱ्या यंत्रणेला, ओढून घेते आणि ती चौकटीला जोडणारा हँगर मोडतो. आपल्या बाबतीत बहुधा हेच झाले असावे. तो छोटासा ॲल्युमिनियमचा तुकडा प्रत्येक सायकलचा वेगळा असतो आणि तालुक्याच्या ठिकाणी मिळत नाही. एक जास्तीचा तुकडा पिशवीत ठेवावा. माती काढायला कडक काडी वापरावी आणि थोडा वेळ सायकल उचलून चालावे.

मुरमाचा रस्ता मोठी सर थांबल्यावर काही तासांत चालवण्याजोगा होतो. काळ्या मातीला दोन-तीन दिवसांचे कडक ऊन लागते, आणि सुकल्यावरही ट्रॅक्टरच्या चाकोऱ्या कडक होऊन राहतात. त्यांत पुढचे चाक सापडले की वळवता येत नाही.

कऱ्हा खोऱ्याचा खालचा भाग पर्जन्यछायेत आहे, वर्षाचा पाऊस ५०० मिलिमीटरच्या आसपास, त्यामुळे पावसाळ्यातही अनेक कोरडे आठवडे मिळतात. त्या दिवसांत माळावरच्या वाटा जरूर घ्याव्यात. मात्र वारा लक्षात घ्या. जून ते सप्टेंबर पश्चिमेकडून जोराचा वारा असतो. निघताना पश्चिमेकडे, वाऱ्याच्या तोंडावर जावे आणि थकल्यावर वारा पाठीशी घेऊन परत यावे. उलटे केले तर सकाळी आपण फार ताकदवान आहोत असा भ्रम होतो, तो दुपारी फिटतो.

आमच्या मते या खोऱ्यांतला खरा हंगाम दसऱ्यापासून फेब्रुवारीपर्यंतचा. वाटा सुकलेल्या असतात, ओढ्यांना थोडे पाणी असते, ज्वारी पोटऱ्यात येते. याच काळात साखर कारखान्यांचे गाळप सुरू असते. दोन ट्रेलर जोडलेला उसाचा ट्रॅक्टर अरुंद वाटेवर समोरून आला तर त्याला बाजूला होता येत नाही. आपणच सायकल उचलून शेताच्या कडेला उभे राहावे, आणि ट्रेलरच्या बाहेर लोंबणाऱ्या उसापासून हातभर लांब. आषाढी वारीच्या दिवसांत जेजुरी, नीरा, लोणंद, फलटण या पट्ट्यात सायकल घेऊन जाऊ नये. माउलींची पालखी नीरा ओलांडून लोणंदला जाते तेव्हा रस्ते आणि आजूबाजूच्या वाटाही वारकऱ्यांच्या असतात.

प्रश्न : ग्रॅव्हल सायकल म्हणून विकतात ती लाखाच्या पुढे जाते. माझ्याकडे साधी हायब्रिड आहे. कच्च्या रस्त्यासाठी नवी घ्यावीच लागेल का? — एक वाचक, नगर

उत्तर : नाही. आपल्या सायकलच्या चौकटीत ३८ ते ४२ मिलिमीटर रुंदीचे टायर बसतात का, ते पाहा. बसत असतील तर टायर बदला आणि निघा. दूधवाल्यांची आणि शाळामास्तरांची ती जुनी काळी, दणकट सायकल आठवते? तिला २८ बाय दीड इंची टायर असतात, म्हणजे साधारण ४० मिलिमीटर. आज ग्रॅव्हल म्हणून विकल्या जाणाऱ्या सायकलींचे टायर याच रुंदीच्या आसपासचे आहेत. कासंड्या लटकवून याच पाणंदींमधून ती सायकल वर्षानुवर्षे धावली आहे. नव्या सायकलीत डिस्क ब्रेक आणि हलके गिअर मिळतात, त्यांचा उपयोग होतो, पण नंतर. गिअरचे म्हणाल तर पुढच्या चक्राचे दाते आणि मागच्या सर्वांत मोठ्या चक्राचे दाते जवळपास सारखे असले की या भागातले चढ बसून चढता येतात.

एका गोष्टीवर मात्र कोणतीच सायकल चालत नाही. खडीकरण करून, वर मुरूम न पसरता आणि रोलर न फिरवता सोडून दिलेला रस्ता, आणि असे रस्ते आपल्याकडे वर्षभर तसेच पडून असतात. सुट्या मोठ्या खडीवर चाक सरकते आणि टायरची बाजू कापली जाते. तिथे कडेच्या पायवाटेने उतरून चालावे.

प्रश्न : काट्यांचे काय करावे? दर फेरीत पंक्चर. — दौंड, बारामती आणि सासवड येथील वाचक

उत्तर : सराटे आणि वेडी बाभूळ हे या भागाचे दोन शत्रू. सराटा जमिनीलगत पसरतो आणि त्याचे फळ कसेही पडले तरी एक काटा वर असतो. पिवळ्या फुलांचे वेल दिसले की सायकल चाकोरीच्या मध्यभागी ठेवावी. वेडी बाभूळ तलावांच्या गाळपेरात, ओढ्यांत आणि कालव्याच्या कडेला माजते.

ट्यूबलेस टायर आणि त्यात सीलंट, म्हणजे छिद्र आतून बुजवणारा द्रव, हा खरा इलाज. ४० मिलिमीटरच्या टायरला ६० ते ९० मिलिलिटर सीलंट पुरते. काटा शिरला तर उपसायची घाई करू नये. चाक फिरवून काटा खाली आणावा, मग काढावा, म्हणजे सीलंट छिद्रापर्यंत पोहोचते. आपल्याकडच्या उष्णतेत ते दोन-तीन महिन्यांत सुकते, म्हणून हलवून आवाज ऐकावा. चुबुकचुबुक झाले नाही तर आतले वाळले. हवा बेताची ठेवावी. सत्तर किलो वजनाच्या माणसाने ट्यूबलेस टायरला पुढे ३२ आणि मागे ३६ पौंडांपासून सुरुवात करावी. आत ट्यूब असेल तर दहा पौंड अधिक, नाहीतर दगडावर आपटून ट्यूब रिमखाली चिमटते. बारीक प्रेस्टा व्हॉल्व्ह असलेल्यांनी पितळी अडॅप्टर जवळ बाळगावा. पेट्रोल पंपावरच्या हवेची नळी त्याशिवाय लागत नाही.

प्रश्न : आम्ही तिघी मैत्रिणी सायकल चालवतो. कुत्र्यांची फार भीती वाटते. बिबट्याविषयीही ऐकतो. शिवाय पुण्यातून इतक्या लांब सायकल न्यायची कशी? — एक वाचक भगिनी, पुणे

उत्तर : वस्तीवरचे कुत्रे हद्द राखते, आपण त्याच्या अंगणासमोरून पळालो की ते पाठलाग करते. वेग कमी करून, आवाज देत जावे. तरीही अंगावर आले तर उतरून सायकल मध्ये आडवी धरावी आणि पाठ न दाखवता मागे सरकावे. मेंढ्यांच्या कळपाबरोबरची कुत्री अधिक कडवी असतात, कारण लांडग्यांशी त्यांची गाठ असते. कळप दिसला की लांबूनच मेंढपाळाला हाक मारावी. तो कुत्र्यांना आवरतो आणि वाट करून देतो. चावा घेतलाच, तो कितीही लहान असो, तर जखम वाहत्या पाण्याखाली साबणाने पंधरा मिनिटे धुवावी आणि त्याच दिवशी सरकारी रुग्णालयात जाऊन रेबीजची लस सुरू करावी. पुढचा कोणताही डोस चुकवू नये.

बिबट्याचा प्रश्न प्रामुख्याने उत्तरेकडे, जुन्नर आणि आंबेगावच्या उसात, म्हणजे कुकडी, मीना आणि घोड या नद्यांच्या खोऱ्यांत आहे. तिथल्या वाटा सुंदर आहेत, पण सूर्य चांगला वर आल्यावर निघावे आणि चारच्या सुमारास मुक्कामी पोहोचावे. उसालगत वाकून पंक्चर काढत बसू नये. मोकळ्या जागी जावे. सुप्याजवळचे मयूरेश्वर अभयारण्य चिंकारांसाठी राखलेले आहे. तिथे वनविभागाचे नियम लागू होतात, सायकल फाटकाबाहेर ठेवावी लागली तर वाद घालू नये. बाहेरच्या माळांवरही रुळलेली चाकोरी सोडू नये, कारण धाविक, टिटवी, चंडोल हे पक्षी उघड्या जमिनीवरच अंडी घालतात आणि ती खड्यांत ओळखू येत नाहीत.

जेजुरी, नीरा आणि लोणंद ही स्थानके पुणे-मिरज लोहमार्गावर आहेत, त्यामुळे एका स्थानकावर उतरून दुसऱ्यावरून परतता येते. सायकल सामान म्हणून नोंदवून लगेजच्या डब्यात द्यावी लागते. त्या गाडीला तो डबा आहे का आणि आपल्या स्थानकावर ती थांबते का, हे आदल्या दिवशी पार्सल कार्यालयात विचारावे. सुरुवातीला चाळीस किलोमीटरची फेरी पुरे. डांबरी रस्त्यावर तासाला २२ किलोमीटर जाणारी व्यक्ती कच्च्या वाटेवर १३ ते १५ च्या पुढे जात नाही, त्यात वाट विचारणे आणि बंधारे ओलांडणे आलेच, म्हणून परतीची गाडी दुपारी उशिराची निवडावी. पाणी प्रत्येकीने दोन बाटल्या घ्यावे. माळावर दुकान नसते, पण वस्तीवर मागितले तर कुणी नाही म्हणत नाही.

पुढील अंकासाठी प्रश्न पाठवताना आपला तालुका आणि सायकलच्या टायरची रुंदी, जी टायरच्या कडेवरच छापलेली असते, कृपया अवश्य लिहावी.